पळसाच्या पानांचा माणूस

भादव्यातल्या दुपारी कपाशीत उभं राहणं म्हणजे वरून ऊन आणि खालून वाफ. गोजरबाई छातीएवढ्या झाडांत वाकून कळ्या सोलत होती. उद्या उमलणारी कळी आज हेरायची, अंगठ्याचं नख फिरवून तिच्या पाकळ्या आणि पिवळे केसर काढून टाकायचे, मधली नाजूक काडी तेवढी शाबूत ठेवायची आणि तिच्यावर लाल कागदाची टोपी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नर कपाशीची फुलं आणून त्या काडीला लावली की बियाण्याची सरकी धरते. ह्या कामासाठी गोजरबाईनं उजव्या अंगठ्याचं नख पावसाळाभर वाढवलं होतं. रोज हजारभर कळ्या सोलून ते आता मांसापासून सुटायला आलं होतं, तरी तिचा हात थांबत नव्हता.

शेजारच्या ओळीत तिची मुलगी मालन होती. ती सासरी बदनापूरला असायची, पण कळ्यांच्या ह्या क्रॉसिंगच्या दोन महिन्यांत माहेरी यायचीच. तिच्या पलीकडे मुलगा बद्रीनाथ.

बियाण्याच्या कंपनीचा सुपरवायझर मोटरसायकल बांधाला लावून आत आला. चार टोप्या काढून पाहिल्या, खाली टाकल्या आणि म्हणाला, "अप्पारावजी कुठं आहेत?"

"आसतील त्यांच्या वाड्यावर," बद्री म्हणाला. "काय पाह्यजे? प्लॉट आमचा हाय."

"राबता तुम्ही. कागदावर प्लॉट त्यांचा आहे. सही त्यांची लागते."

एवढं बोलून तो आला तसा गेला. बद्रीनं एक कळी सोलताना काडीच मोडली. बी वाया गेलं.

सुपरवायझरचं काही चुकत नव्हतं. रान होतं गोजरबाईच्या नवऱ्याच्या, रखमाजीच्या नावावर, आणि रखमाजी चौऱ्यांशी सालच्या पोळ्यानंतर भोकरदनच्या बाजारात बैल विकायला गेला तो परतच आला नाही. बैलही गेला, दावंही गेलं, माणूसही गेला. मालक नसलेल्या रानाला कंपनी प्लॉट देईना, म्हणून रखमाजीचा चुलतभाऊ अप्पाराव ह्यानं मोठ्या मनानं आपलं नाव लावू दिलं होतं. मोठ्या मनाची माणसं अशी नाव लावायला पुढं असतात; कळ्या सोलायला नसतात.

बद्री आणि मालन गोजरबाईच्या पोटचे नव्हते. सत्त्याहत्तर साली ह्याच रानात विहीर खोदायला टेंभुर्णीकडचं एक जोडपं आलं होतं. सुरुंगानं सैल झालेली दरड दोघांवर बसली. सहा वर्षांचा मुलगा तीन वर्षांच्या बहिणीला कडेवर घेऊन काठावर उभा राहिला, कुणी काय करावं ते कुणालाच कळेना. गोजरबाईनं दोघांना घरी नेलं, न्हाऊ घातलं, जेवू घातलं आणि ठेवून घेतलं. लग्नाला अकरा वर्षं होऊन तिच्या पदरात काही पडलं नव्हतं. गावानं वर्षभर नाकं मुरडली, मग विसरून गेलं. दत्तकविधान, कागद असलं काही कुणी केलं नाही.

गोजरबाई घागर घेऊन विहिरीकडे गेली तशी मालन भावाच्या ओळीत आली. "दादा, ह्या पित्तरपाठात काका बारा वर्षांचं काढणार बघ. साऱ्या गावात बोलून राह्यले ते."

"काढू दे."

"मंग? जित्या माणसाला जाळायचं?"

"हळू बोल," बद्री म्हणाला.

हेच ते गुपित. तीन वर्षं दोघं भावंडं ते सांभाळून होती. लग्न होऊन बदनापूरला गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात मालनला रखमाजी दिसला. स्टेशनच्या बाजूला पत्र्याच्या टपरीत भजी तळत होता. सोबत चतुराबाई नावाची बाई आणि दोन मुलं. थोरल्याचं नाक थेट रखमाजीचं. मालननं भावाला बोलावून घेतलं. रखमाजी त्यांना पाहून चपापला, पण लगेच सावरला. पळपुटा असला तरी माणूस डोक्यानं पक्का.

"मला पाह्यलं न्हाई असं समजा," तो म्हणाला होता. "गोजरला कळलं की ती इथं यील. ती आली की गाव यील. मंग रानाला ह्या दोन पोरांची नावं लागतील. तुमी मंग कुठले? तुमीच इचार करा."

त्यांनी विचार केला आणि गप्प बसले. स्वतःला सांगायला त्यांच्याकडे दुसरंही कारण होतं, आणि ते खोटं नव्हतं. मूल होत नाही म्हणून गोजरबाईनं जन्मभर गावाचे टोमणे खाल्ले. पण तिच्या मनात पक्कं होतं की खोट मालकात आहे, आणि मालकाची अब्रू जाऊ नये म्हणून ती हे कुणाजवळ बोलली नाही. एकदाच, मालन सासरी निघाली त्याच्या आदल्या रात्री, मालनजवळ बोलली होती. त्याच मालकाला दोन मुलं झाली हे तिला कसं सांगायचं? भावंडांनी रान आणि आईची माया एकाच गाठोड्यात बांधून टाकली. त्यात जड काय होतं ते दोघांनीही उचकून पाहिलं नाही.

*

अप्पाराव चार दिवसांनी आलाच. बाजेवर बसला, चहा घेतला, मग घसा साफ केला.

"वैनी, बारा वर्षं झाली. रखमाजीला जिता म्हणून ताट न्हाई अन् मेला म्हणून घास न्हाई. मधीच लटकून राह्यला बिचारा. शास्तरात सांगितलंय, बारा वर्षं वाट पाहावी अन् पुतळा करून मार्गी लावावा."

"तुमाला लई घाई झाली, भावजी."

"मला काय घाई? घराण्याला दोष लागतो."

त्याला घाई का होती हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. रखमाजी कागदावर मेला की वारस लावायचा, आणि रक्ताची लेकरं नाहीत म्हटल्यावर आज ना उद्या रान भाऊबंदाकडे वळणार. आयत्या बिळावर नागोबा. गंमत अशी, की मुलगा म्हणून आपलं नाव लागावं यासाठी बद्रीलाही रखमाजी कागदावर मेलेलाच हवा होता.

दिवस मावळताना गोजरबाई चुलीपुढं बसली. मालन भाकरी थापत होती, बद्री पाय धुऊन उंबऱ्यावर टेकला होता.

"मला तर काही उमगंना," गोजरबाई म्हणाली. "कवा वाटतं, गेला आसंल कुठंतरी मोटारीखाली. सकाळी कुकू लावताना वाटतं, न्हाई, हाय. तुमी दोघं शिकेल हायेत. तुमी म्हणाल तसं करीन म्या. तुमच्याबिगर मला इचारायला हाय तरी कोण?"

मग बद्री उंबऱ्याकडे पाहत म्हणाला, "करून टाक माय. बारा वर्षं कमी न्हाईत."

"मालन, तुला काय वाटतं?"

मालननं भाकरी उलटली. बोटं पोळली, ती तिनं पदरात धरली. "दादा म्हणतो ते बराबर हाय."

"मंग ठरलं," गोजरबाई म्हणाली. तिला हलकं वाटलं. अप्पारावच्या शास्त्रावर तिचा काडीचा विश्वास नव्हता, पण ह्या दोघांनी सांगितलं म्हणजे झालं.

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी नदीच्या काठी विधी झाला. गुरुजींनी तीनशेसाठ पळसाची पानं मोजून मागवली होती. ती दर्भानं बांधून हात केले, पाय केले, धड केलं. डोक्याच्या जागी नारळ ठेवला. गोजरबाईनं पेटीतलं रखमाजीचं धोतर आणि कोपरी आणली होती. पुतळ्याला धोतर नेसवलं तर ते घोट्याखाली हातभर लोंबलं.

"गुरुजी, पाय कमी पडले," ती म्हणाली. "मालक एवढे ठेंगणे न्हाईत."

"चालतं, बाई."

"न्हाई चालत." तिनं उरलेली पानं घेतली, खाली बसून दोन्ही पाय आपल्या हातानं वाढवले आणि धोतर बरोबर बसतं का ते पाहिलं. मालन हे सगळं पाच हातांवर उभी राहून बघत होती. तेव्हा तोंड उघडलं असतं तरी उशीर झाला नसता.

बद्रीनं मुंडण केलं होतं. खांद्यावर मडकं घेऊन तो फिरला, त्यानं अग्नी दिला आणि ढसाढसा रडला. लोक म्हणाले, पोटचा असता तरी एवढा रडला नसता. पळसाची पानं ओली होती, धूर फार झाला. मग दोन म्हाताऱ्या विधवांनी गोजरबाईला दगडाजवळ बसवलं. बांगड्या फुटताना एक काच तिच्या मनगटात शिरली. तिनं मालनला हाक मारली, पण मालन पाणी आणायच्या निमित्तानं नदीच्या खालच्या अंगाला निघून गेली होती.

*

कपाशी वेचून झाली, बी कंपनीत गेलं, माघ लागला. गोजरबाईची शेजारीण द्वारकाबाई, जन्माची मैत्रीण. तिच्या मुलीचं लग्न निघालं. वीस वर्षं गल्लीतल्या कुठल्याही लग्नात हळद दळायला जात्याच्या खुंट्याला पहिला हात गोजरबाईचा लागायचा. तिचा आवाज चांगला, हात हलका, आणि नवरा परागंदा असला तरी कुंकू होतं. ह्या वेळी तिला कुणी बोलावलं नाही आणि कुणी नकोही म्हटलं नाही. ती आपणच मागच्या पडवीत जाऊन लसूण सोलत बसली. पुढून जात्यावरची गाणी ऐकू येत होती. द्वारकाबाई एकदा आत येऊन गेली, "बाई, चहा घेतला का गं?" म्हणाली आणि नजर चुकवून गेली. गोजरबाईला वाईट वाटलं, राग नाही आला. रीत आहे, त्याला कोण काय करणार.

बांगड्या भरायला इमामबी आली होती. पेटी डोक्यावर घेऊन ती आठवड्याचे बाजार करायची, भोकरदनपासून बदनापूरपर्यंत. गोजरबाईच्या लग्नापासून तिच्या हातात इमामबीच्याच बांगड्या. पुढच्या बायकांचं आवरून ती पाणी प्यायला मागं आली आणि गोजरबाईला पाहून तिथंच बसली.

"या अल्ला. हात असे का गं तुझे?"

"भादव्यात केलं सगळं, इमामबी. बारा वर्षं झालते. पुतळा जाळला."

"पुतळा?" इमामबीला आधी समजलंच नाही. मग ती म्हणाली, "अगं पण दिवाळीच्या बाजाराला म्या त्याच्या हातचे भजे खाल्ले."

"कोणाच्या?"

"रखमाजीच्या. बदनापूरला, टेसनापाशी." आणि आपण काय बोललो ते ध्यानात येऊन तिनं तोंडावर हात ठेवला, पण कोंबडं झाकून तांबडं फुटायचं राहत नाही. "तीन साल झाले, मालननं मला शपथ घातली व्हती. म्हणली, मौसी, मायला सांगू नको, तरास व्हईल तिला. म्या म्हणलं, बिलकुल सांगणार न्हाई. बाईच्या हातात बांगड्या हायेत, कपाळाला कुकू हाय, कशाला आग लावा? पण बांगड्याच फोडल्यावर आता काय झाकू?"

गोजरबाईनं लसणाची कुडी हातात धरून ठेवली. "मालनला ठाव व्हतं?"

"हां."

"तीन सालापासून?"

"बद्रीला बी. दोघं माझ्यासमोर त्याच्याशी बोलून राह्यलते."

रखमाजी कसा आहे, कुणाजवळ आहे, हे गोजरबाईनं विचारलं नाही. "बद्रीला बी," ती पुटपुटली आणि उरलेला लसूण सोलून, सालटं गोळा करून, घरी गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं बद्रीला सांगितलं, डोळ्याचं औषध आणायला भोकरदनला जाते. आयुष्यात ती त्याच्याशी पहिल्यांदा खोटं बोलली. घरात तशी रीतच पडली होती. भोकरदनहून जालना, जालन्याहून बदनापूर. मालनचं घर स्टेशनच्या त्या अंगाला होतं, तिकडं ती गेली नाही.

टपरी सापडायला वेळ लागला नाही. रखमाजी कढईपुढं बसला होता. केस पिकले होते, एका डोळ्यात मोतीबिंदू. गोजरबाई पदर पुढं ओढून बाकावर टेकली. त्यानं कागदावर भजी दिली आणि तिचं रिकामं कपाळ, रिकामे हात पाहून टपरीवाल्याच्या सवयीनं विचारलं, "मालक कवा वारले, बाई?"

"भादव्यात," ती म्हणाली.

"आजारी व्हते?"

"न्हाई. चांगले व्हते."

"लेकरंबाळं?"

"पोरानं अग्नी दिला. डोकं बी केलं. रडला बी."

"मंग नशीबवान म्हणायचं," रखमाजी म्हणाला आणि झारा कढईत फिरवला.

दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा दप्तर घेऊन आला आणि त्याच्या पाठीवर रेलला. तेच नाक. गोजरबाईनं ते पाहिलं. खोट मालकात आहे असं तीस वर्षं धरून ठेवलेलं तिच्या हातून तिथं सुटलं. तिनं भजी खाल्ली नाहीत, कागद नीट दुमडून बाकावर ठेवला आणि उठली. तिला उठताना, चालताना पाहून रखमाजीचा झारा मध्येच थांबला असेल किंवा नसेल. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

परतीच्या गाडीत तिला रडू आलं ते त्याच्यासाठी नव्हतं. त्याच्यावरचा राग जुना होता, झिजून गुळगुळीत झालेला. तिच्या डोळ्यांपुढं उंबऱ्यावर बसलेला बद्री येत होता. तुमच्याबिगर विचारायला कोण आहे, असं ती म्हणाली होती. मालक टाकून गेला ते एकदाच. ह्या दोघांनी तीन वर्षं तिच्या हातचं खाऊन रोज तिला टाकलं होतं. आणि पाय कमी पडले म्हणून ती पानं बांधत बसली तेव्हा पोरगी पाच हातांवर उभी होती. हे तिला सहन होईना. तिनं पदर तोंडात कोंबला. शेजारची बाई सरकून बसली.

घरी आल्यावर ती कुणाला काही बोलली नाही. आठ दिवस भाकरी केल्या, वाढल्या. बद्री म्हणाला, "डोळ्याचं औषध आणलं का?" ती म्हणाली, "लागू पडलं."

*

आठव्या दिवशी वारसाच्या नोंदीसाठी तलाठी चावडीवर आला. मालनलाही सहीसाठी बोलावून घेतलं होतं. पंचांच्या सह्या आधीच झाल्या होत्या. पुतळा साऱ्या गावानं पाहिला होता. अप्पाराव सतरंजीच्या मधोमध बसला होता. गोजरबाई भिंतीला टेकून बसली. बद्री आणि मालन तिच्या दोन्ही बाजूंना.

तलाठ्यानं वाचलं, "मयत रखमाजी. वारस पत्नी गोजरबाई, मुलगा बद्रीनाथ, मुलगी मालन. कुणाची हरकत?"

"माझी हाय," अप्पाराव म्हणाला. "वैनीचं नाव लावा, बिलकुल लावा. पण ही दोघं कुणाची? दत्तकाचा कागद दाखवा. विहिरीवरच्या माणसांची पोरं ही. रखमाजीचं रक्त न्हाई ह्यांच्यात."

बद्री उसळून उठत होता. तलाठ्यानं हातानंच खाली बसवलं आणि गोजरबाईकडे वळला. "मावशी, तुम्हीच सांगा. तुमच्या बोलण्यावर आहे सगळं. रखमाजी वारले, बरोबर? आणि ही दोघं तुमचीच मुलं?"

बद्रीनं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत कसलीच शंका नव्हती. माय आहे, म्हणेल ते आपल्याच बाजूचं म्हणेल. ह्याच खात्रीचा गोजरबाईला सगळ्यात जास्त त्रास झाला.

"रखमाजी वारला न्हाई," ती म्हणाली. "बदनापूरला टेसनापाशी भजे तळतो. त्याला बायको हाय, दोन पोरं हायेत. आठ दिवसांखाली म्या माझ्या डोळ्यानं पाह्यलं. ह्या दोघांनी तीन सालाखाली पाह्यलं."

बद्रीची मान खाली गेली. मालन तिचा हात धरायला सरकली. "माय, म्या तुला सांगणार व्हते."

"कवा?" गोजरबाईनं विचारलं.

मालननं पुढं केलेला हात मागं घेतला.

रखमाजी जिता म्हणजे अप्पारावचाही डाव मोडलाच होता. पण दुसऱ्याची फजिती हातची सोडील तो अप्पाराव कसला. "म्हणलं न्हवतं? जित्या माणसाला आग लावली ह्यांनी. वैनी, तुमच्या बांगड्या फोडल्या. हाकलून द्या दोघांना. परक्याचं ते परक्याचंच."

"परक्याचं?" गोजरबाई त्याच्याकडे वळली. "तुमी परके, भावजी. तुमी माझ्याशी खोटं बोलले तर मला समजतं. ह्यांचं समजलं न्हाई. परकं माणूस मला एवढं फसवू शकलं नसतं. हे माझेच हायेत." मग ती तलाठ्याला म्हणाली, "लिहा साहेब. बद्रीनाथ अन् मालन, गोजरबाईची लेकरं."

तलाठी कागद आवरत होता. "आता नाही लिहिता येत, मावशी. माणूस जिवंत म्हटल्यावर वारस कसले? नोंद रद्द झाली."

"रानाचं न्हाई म्हणत म्या. रान ऱ्हाऊ द्या ज्याचं त्याला. नुसतं लेकरं म्हणून लिहा."

"तसं लिहायला माझ्याकडे जागा नाही," तलाठी म्हणाला. त्यालाही ते बरं वाटलं नाही. त्यानं पेनचं टोपण लावलं.

गोजरबाई गुडघ्यावर हात देऊन उठली. चावडीच्या पायऱ्या उतरली. दोघं मागोमाग आली, तशी ती थांबली, पण वळली नाही.

"भाकरी करून ठेवल्यात. पिठलं हाय. दोघं जेवून घ्या," ती म्हणाली. "माझ्यासंगं येऊ नका."

आणि ती रानाच्या वाटेनं चालू लागली. बद्रीनं दोनदा हाक मारली. हाक ऐकू जावी एवढ्याच अंतरावर ती होती, पण वळली नाही.